इंजिनिअरिंग कॉलेजात नव्याने रुजू होताना: पहिल्या सत्राची सविस्तर तयारी

एम.टेक. किंवा पीएच.डी. करून असिस्टंट प्रोफेसर म्हणून रुजू झालेल्या माणसाच्या हातात बहुतेक कॉलेजांत पहिल्याच दिवशी टाइमटेबल पडतं आणि दोन-तीन दिवसांत साठ-सत्तर मुलांसमोर उभं राहावं लागतं. शाळेत शिकवायला डी.एड. किंवा बी.एड. लागतं; इंजिनिअरिंग शिकवायला विषयाची पदवी पुरते. शिकवायचं कसं, हे त्याला तोवर कुणी सांगितलेलं नसतं. महिनाभरात कॉलेजच्या मूल्यांकनासाठी नॅकची फाइल, अभ्यासक्रमाच्या मानांकनासाठी एनबीएचे तक्ते, अ‍ॅडमिशनची ड्युटी आणि एखादी कमिटी अंगावर येते. ज्यासाठी नेमणूक झाली ते शिकवणं मग उरलेल्या वेळात होऊ लागतं.

पहिल्या सत्रात एक विषय जीव ओतून शिकवायचा आणि बाकीचे कागद त्या शिकवण्यातूनच निघतील अशी घडी बसवायची, असं माझं ठाम मत आहे. कागद आधी आणि वर्ग नंतर अशी सवय पहिल्या सहा महिन्यांत लागली, तर ती पुढे सुटत नाही. खालची सगळी माहिती महाराष्ट्रातल्या कॉलेजांना धरून आहे. विद्यापीठाशी संलग्न खाजगी कॉलेज, स्वायत्त कॉलेज आणि २०२२ मध्ये विद्यापीठ झालेल्या सीओईपीसारखी संस्था यांचे नियम थोडेफार वेगळे असतात, पण नव्या माणसाची कामं तीच.

रुजू होण्याआधी कागद नीट वाचा

नेमणूकपत्रात पहिली गोष्ट पाहायची ती नेमणुकीचा प्रकार: नियमित, अ‍ॅड-हॉक, की तासिका तत्त्वावर. तासिका तत्त्वावर म्हणजे घेतलेल्या तासांचे पैसे. सुट्टीत पगार नाही आणि ती सेवा पुढे धरली जाईलच असं नाही. नियमित नेमणूक असेल तर ती विद्यापीठाच्या निवड समितीमार्फत झाली का, जागा बिंदुनामावलीप्रमाणे, म्हणजे आरक्षणाच्या क्रमवारीप्रमाणे, मंजूर आहे का आणि विद्यापीठाच्या मान्यतेचा प्रस्ताव केव्हा जाणार, हे विचारा. या मान्यतेकडे नवी मंडळी दुर्लक्ष करतात, आणि पुढे परीक्षक म्हणून नाव पाठवताना, अनुभव मोजताना किंवा दुसरीकडे अर्ज करताना तिची किंमत कळते. मान्यतेचं पत्र आलं की त्याची प्रत स्वतःकडे ठेवा.

एआयसीटीईच्या (अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेच्या) २०१९च्या नियमांनुसार असिस्टंट प्रोफेसरची वेतनश्रेणी लेव्हल १०ची असते आणि मूळ वेतन ५७,७०० रुपयांपासून सुरू होतं. पात्रता म्हणून बी.ई. आणि एम.ई., किंवा बी.टेक. आणि एम.टेक., लागतं आणि दोन्हींपैकी एकात प्रथम वर्ग. अनेक विनाअनुदानित कॉलेजं मात्र एकत्रित ठरावीक रक्कम देतात. मुलाखतीत तोंडी ठरलेला आकडा पत्रात लिहिलेला आहे का, भविष्य निर्वाह निधी कापला जाणार का, नोटीस पीरियड किती, हे सही करण्याआधी बघून घ्या. ग्रॅच्युइटीचा कायदा शिक्षकांनाही लागू आहे. २००९च्या दुरुस्तीने तसं स्पष्ट केलं आणि २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती दुरुस्ती वैध ठरवली. पगार कुठल्या तारखेला होतो हा प्रश्न ऑफिसला न विचारता विभागातल्या दोन जुन्या शिक्षकांना चहाच्या वेळी विचारा. खरं उत्तर तिथेच मिळतं.

मूळ गुणपत्रिका आणि पदवी प्रमाणपत्रं पडताळणीसाठी दाखवायची आणि लगेच परत घ्यायची. ती जमा करून ठेवण्याची कॉलेजांची जुनी सवय आहे आणि ती चुकीची आहे. कुणी आग्रह धरलाच तर निदान तारीख-शिक्क्यासह पोच घ्या.

रुजू होण्याआधी एचओडींना (विभागप्रमुखांना) फोन करून एवढं विचारा: कुठला विषय, कुठलं वर्ष, किती डिव्हिजन, कुठल्या लॅब. नियमाप्रमाणे असिस्टंट प्रोफेसरला आठवड्याला १६ तास प्रत्यक्ष शिकवण्याचे असतात. ‘सर, पहिल्या सत्रात थिअरीचा एकच नवा विषय द्या, त्याच्या दोन डिव्हिजन दिल्या तरी चालतील’ असं आदराने सांगितलं तर बहुतेक एचओडी ऐकतात. एकाच विषयाच्या दोन डिव्हिजन म्हणजे तयारी एकदा आणि शिकवणं दोनदा. दुसऱ्या डिव्हिजनला तुम्ही त्याच आठवड्यात सुधारलेले असता. दोन वेगळे नवे विषय घेतले तर दोन्ही अर्धवट होतात.

पहिला आठवडा

विद्यापीठाच्या संकेतस्थळावरून विषयाचा अधिकृत अभ्यासक्रम उतरवून घ्या. पॅटर्नचं, म्हणजे अभ्यासक्रमाच्या आवृत्तीचं, वर्ष नीट पाहा, कारण दोन पॅटर्न एकाच वेळी चालू असतात. केटी राहिलेली मुलं जुन्या पॅटर्नची असतात आणि त्यांचे प्रश्न तुमच्याकडेच येणार. गुणांची वाटणी विद्यापीठागणिक बदलते. पुणे विद्यापीठाच्या २०१९ पॅटर्नमध्ये इन-सेम (सत्राच्या मधली परीक्षा) ३० गुणांची, पहिल्या दोन युनिटांवर, आणि एंड-सेम (सत्राअखेरची) ७० गुणांची, उरलेल्या चार युनिटांवर. २०२४ पॅटर्नमध्ये त्या ३० गुणांच्या जागी सततचं मूल्यमापन आलं. मुंबईच्या २०१९च्या स्कीममध्ये अंतर्गत २० आणि लेखी ८०. लोणेरेच्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर तंत्रशास्त्र विद्यापीठात सततचं मूल्यमापन २०, मिड-सेम २० आणि एंड-सेम ६०. तुमचं शिकवण्याचं वेळापत्रक या वाटणीवर उभं राहतं.

मागच्या चार-पाच वर्षांच्या प्रश्नपत्रिका जमवा आणि प्रत्येक युनिटवर कुठल्या प्रकारचे प्रश्न येतात याचा एका पानाचा तक्ता करा. प्रश्न ‘काढून देण्यासाठी’ हा तक्ता वापरायचा नाही. विद्यापीठ त्या युनिटकडून किती खोलीची अपेक्षा करतं, याचा अंदाज अभ्यासक्रमाच्या दोन ओळींवरून येत नाही. तो प्रश्नांवरून येतो.

मग माणसं. तो विषय आधी शिकवणारे शिक्षक, लॅब असिस्टंट, विभागाचे क्लार्क आणि शिपाई मामा, या चौघांशी पहिल्या आठवड्यात निवांत बोला. कुठलं मशिन कधी बंद पडतं, प्रोजेक्टरची वायर कुणाकडे असते, डेड स्टॉक रजिस्टर कुणाच्या सहीने हलतं, रजेचा अर्ज कुठल्या टेबलावर अडतो, हे त्यांना ठाऊक असतं. लॅब असिस्टंटना सगळ्यांसमोर अहो-जाहो करा. वयाने आणि अनुभवाने ते बहुतेक वेळा तुमच्यापेक्षा मोठे असतात आणि मुलं तुमच्याकडे बघून त्यांच्याशी कसं वागायचं ते ठरवतात.

नोंदणीची कामं एका दुपारी उरकून टाका: एआयसीटीईच्या पोर्टलवर फॅकल्टी आयडी, ऑर्किड (संशोधकाचा ओळखक्रमांक), विद्वान पोर्टल (तज्ज्ञांची राष्ट्रीय यादी), गुगल स्कॉलर. सगळीकडे नावाचं स्पेलिंग एकच ठेवा, पॅन आणि पदवीवर आहे तेच. नव्या शिक्षकांसाठी एआयसीटीईचा एनआयटीटीटी नावाचा आठ मोड्यूल्सचा प्रशिक्षणक्रम स्वयम पोर्टलवर असतो. पहिल्या वर्षीच नाव नोंदवा. त्यातली प्रश्नपत्रिका तयार करण्याची आणि मूल्यमापनाची मोड्यूल्स खरोखर उपयोगी आहेत. भोपाळच्या राष्ट्रीय तांत्रिक शिक्षक प्रशिक्षण संस्थेचे वर्ग महाराष्ट्र आणि गोव्यातल्या शिक्षकांसाठीही असतात, आणि अटल अकादमीचे आठवड्याचे कार्यक्रमही असतात. पण पहिल्या सत्रात अध्यापन चालू असताना प्रमाणपत्रांच्या मागे धावू नका. ते काम सुट्टीतलं.

वर्ग

टीचिंग प्लॅन शेवटून सुरुवातीकडे करा. इन-सेम किंवा मिड-सेमची तारीख कॅलेंडरमध्ये पाहा, तिच्या आधीचे तास मोजा, त्यातून गणपती-दिवाळीच्या सुट्ट्या, सत्रातला टेक-फेस्ट आणि विभागाच्या भेटी वजा करा. जे उरतील त्याच्याही दहात एक तास रिकामा ठेवा. अभ्यासक्रमात प्रत्येक युनिटला छापलेले सहा-सात तास हातात येतील असं गृहीत धरलं तर शेवटची दोन युनिटं पीपीटीवरून पळवावी लागतात, आणि पुण्याच्या वाटणीत तर एंड-सेमचा मोठा भार त्याच युनिटांवर असतो.

एका तासाच्या तयारीला दोन तासांची मर्यादा घाला. नवा शिक्षक रात्री एकपर्यंत बसून पन्नास स्लाइड करतो, वर्गात त्या सगळ्या दाखवायच्या म्हणून धावतो आणि मुलांच्या हाती काहीच लागत नाही. तयारीत तीन गोष्टी हव्यात: आज मुलांना काय करता आलं पाहिजे याचं एक वाक्य, स्वतः हाताने सोडवलेली दोन उदाहरणं आणि विचारायचे तीन प्रश्न. गणिताच्या विषयाला फळा वापरा. फळ्यावर लिहायला लागणारा वेळ हाच मुलांचा विचार करण्याचा वेळ असतो. स्लाइड आकृत्या, छायाचित्रं आणि तक्त्यांपुरत्या ठेवा.

पहिल्या तासाला स्वतःची ओळख दोन मिनिटांत आटपा आणि विषयातला एखादा खरा प्रश्न समोर ठेवा. स्ट्रेंथ ऑफ मटेरियल्स असेल तर खडूपेक्षा चांगलं साधन नाही. एक खडू दोन्ही हातांनी वाकवून मोडा. तो सरळ आडवा मोडतो. दुसरा खडू पिळून मोडा. त्याचा तुकडा ४५ अंशांच्या तिरक्या सर्पिल रेषेत सुटतो. वर्गातल्या प्रत्येकाला एक खडू द्या आणि करून बघायला सांगा. खडू ताणाला कमकुवत असतो आणि पीळ दिल्यावर सर्वाधिक ताण ४५ अंशांवर येतो, हे उत्तर त्या दिवशी देऊ नका. ‘माइल्ड स्टीलची सळई पिळून तोडली तर ती मात्र आडवी सपाट तुटते. असं का?’ एवढं विचारून सोडून द्या. प्रिन्सिपल स्ट्रेसचं युनिट येईपर्यंत दोन-तीन मुलं स्वतःहून केबिनमध्ये येतात. प्रत्येक विषयात असा एखादा प्रयोग असतो. तो शोधण्यात घालवलेला वेळ कुठल्याही स्लाइडपेक्षा कामाला येतो.

प्रश्न विचारल्यावर थांबायला शिका. ‘समजलं का?’ याला वर्ग नेहमी ‘हो सर’ म्हणतो, म्हणून ते विचारूच नका. ‘भार दुप्पट केला तर हा आकडा किती होईल, वहीत लिहा’ असं सांगा आणि बाकांमधून फिरा. दोन मिनिटांत दहा वह्या दिसतात आणि कुठे अडलंय ते कळतं. पुढच्या बाकावरच्या चार मुलांच्या माना हलतात म्हणून वर्गाला कळलं असं धरू नका.

भाषेचा प्रश्न मोठा आहे आणि त्याबद्दल लाजण्याचं काही कारण नाही. तालुक्याच्या गावातून बारावी करून आलेलं मूल हुशार असतं, पण सलग इंग्रजी व्याख्यान पहिले काही महिने त्याच्या डोक्यावरून जातं. त्याच वर्गात हिंदी बोलणारी, दक्षिणेकडून आलेली मुलंही असतात. माझी पद्धत अशी: कल्पना मराठीत किंवा वर्गाला चालेल त्या मिश्र बोलीत समजावायची, संज्ञा इंग्रजीच ठेवायची आणि शेवटी परीक्षेत लिहायचं ते पूर्ण वाक्य इंग्रजीत फळ्यावर लिहून मुलांकडून वाचून घ्यायचं. ज्यांना मराठी येत नाही त्यांना विचारून तोच भाग थोडक्यात इंग्रजीत सांगायचा. २०२१-२२ पासून एआयसीटीईने मराठीसह भारतीय भाषांतून अभियांत्रिकी पदवीला परवानगी दिली आहे आणि पहिल्या वर्षांची काही पुस्तकं मराठीत आली आहेत. इंग्रजी माध्यमाच्या वर्गातल्या मुलांनाही ती वाचायला सांगा.

दुसऱ्या वर्षाच्या वर्गात डिप्लोमा करून थेट आलेली मुलं असतात. त्यांचे प्रवेश उशिरापर्यंत चालतात, त्यामुळे पहिले काही आठवडे त्यांचे बुडालेलेच असतात. ड्रॉइंग, वर्कशॉप, मशिनची ओळख यात ती बारावीच्या मुलांच्या पुढे असतात आणि इंटिग्रेशन, डिफरन्शियल इक्वेशन आलं की मागे पडतात. त्यांच्यासाठी दोन जादा तास लावा आणि प्रॅक्टिकलच्या गटात प्रत्येक ठिकाणी एक-दोघांना विखुरून बसवा. महिनाभरात दोन्हीकडची मुलं एकमेकांना शिकवू लागतात.

हजेरी रोज, त्याच दिवशी नोंदवा. डिफॉल्टर लिस्ट सत्राच्या शेवटी लावून काही उपयोग नाही. तिसऱ्या आठवड्यात ज्यांची हजेरी निम्म्याखाली गेली त्यांना एकेकटं बोलवा. बहुतेकांच्या मागे काही कारण असतं: लांबचा बसप्रवास, पार्ट टाइम नोकरी, घरचं आजारपण.

प्रॅक्टिकल

नवीन शिक्षक थिअरीची धास्ती घेतात आणि प्रॅक्टिकल सोपं समजतात. माझा अनुभव उलटा आहे. दोन तास, वीसेक मुलांची बॅच, समोर खरं यंत्र. शिकवण्याची सगळ्यात चांगली जागा हीच आणि आपल्याकडे सगळ्यात जास्त वाया जाणारीही हीच. आदल्या वर्षीच्या जर्नलमधून रीडिंग उतरवणं हा इतका रुळलेला प्रकार आहे की मुलांना त्यात काही चुकीचं वाटेनासं झालंय.

आदल्या दिवशी लॅब असिस्टंटबरोबर प्रयोग स्वतः पूर्ण करा. मॅन्युअल वाचून काम भागत नाही. कुठला व्हॉल्व्ह घट्ट आहे, कुठल्या मीटरचं शून्य सरकलंय, रीडिंग स्थिर व्हायला किती मिनिटं लागतात, हे करूनच कळतं.

सुरक्षेच्या सूचना पहिल्या प्रॅक्टिकलला सांगायच्या आणि दर वेळी पाळून घ्यायच्या. वर्कशॉपमध्ये बूट आणि अ‍ॅप्रन, केस बांधलेले, ओढणी आणि सैल बाह्या आवरलेल्या. लेथ किंवा ड्रिलसारख्या फिरत्या मशिनवर हातमोजे अजिबात नकोत, कारण मोजा ओढला गेला की हातही ओढला जातो. चकची किल्ली चकमध्ये ठेवून मशिन चालू करायचं नाही. इलेक्ट्रिकलच्या लॅबमध्ये मेन स्विच कुठे आहे ते प्रत्येक मुलाने हात लावून दाखवायचं, आणि जोडणी तुम्ही तपासल्याशिवाय सप्लाय द्यायचा नाही. यात सूट नाही, कितीही घाई असली तरी.

आता उतरवलेल्या रीडिंगचं काय करायचं? शिक्षा करून ते थांबत नाही. कॉपी करून उत्तर देता येणार नाही असा प्रश्न विचारला की थांबतं. युटीएमवर (युनिव्हर्सल टेस्टिंग मशिनवर) माइल्ड स्टीलची टेन्साइल टेस्ट प्रत्येक कॉलेजात होते. क्रॉसहेड किती सरकलं यावरून मुलं स्ट्रेन काढतात आणि त्यातून यंगचं मोड्युलस काढलं तर ते पुस्तकातल्या सुमारे २०० गिगापास्कलपेक्षा खूपच कमी येतं. मग मुलं गुपचूप आकडे ‘सुधारतात’. तुम्ही आधीच सांगा: ‘उत्तर कमी येणार आहे. आलेलं उत्तर तसंच लिहा आणि का आलं ते चार ओळींत सांगा.’ क्रॉसहेडच्या सरकण्यात नमुन्याच्या ताणाबरोबर ग्रिपमधली घसरण आणि मशिनच्या सांगाड्याचं लवणंही मिसळलेलं असतं. त्यासाठीच नमुन्यावर एक्स्टेन्सोमीटर लावतात. ज्याला हे स्वतःच्या आकड्यांवरून उमगलं, तो मोजमाप म्हणजे काय हे आयुष्यभर विसरत नाही. दर प्रयोगाच्या जर्नलमध्ये ‘आजच्या रीडिंगमध्ये काय खटकलं’ असा एक परिच्छेद सक्तीचा करा. प्रत्येक गटाला नमुना, भार किंवा वेग वेगळा द्या.

प्रोग्रॅमिंगच्या लॅबमध्ये तर आता एआयकडून कोड काही सेकंदांत मिळतो. तो वापरू नका असं सांगून उपयोग नाही. प्रोग्रॅम चालून दाखवला की त्यातली एक ओळ तुमच्यासमोर बदलायला सांगा: हा लूप एकाने आधी थांबला तर आउटपुट काय येईल ते आधी कागदावर लिही, मग चालवून बघ. लिंक्ड लिस्टमधून पहिलाच नोड काढला तर तुझं फंक्शन चालेल का? गुण चाललेल्या प्रोग्रॅमला कमी आणि या उत्तराला जास्त ठेवा, आणि तसं पहिल्याच दिवशी सांगा.

जर्नल दर आठवड्याला, पुढचं प्रॅक्टिकल संपायच्या आत तपासा. वेळेत सादर केलं, प्रत्यक्ष काम, समज, असे तीन रकाने करून प्रत्येक प्रयोगाला गुण द्या आणि मुलांना ते दिसू द्या. सत्राच्या शेवटच्या आठवड्यात रात्रभर जागून होणारं सबमिशन आणि कॉरिडॉरमध्ये सह्यांसाठी लागलेल्या रांगा यातून टळतात, आणि टर्मवर्कचे गुण कसे दिले याचा हिशोबही तयार असतो.

कोर्स फाइल आणि सीओ-पीओ

एनबीए १९९४ मध्ये एआयसीटीईने सुरू केली. जून २०१४ मध्ये भारत अभियांत्रिकी पदव्यांना परस्पर मान्यता देणाऱ्या वॉशिंग्टन कराराचा कायम सदस्य झाला आणि निष्पत्तीवर आधारलेलं शिक्षण प्रत्येक विभागात आलं. पीओ म्हणजे पूर्ण पदवीतून मुलाच्या अंगी यायच्या क्षमता. पूर्वी ते १२ होते, नव्या आराखड्यात ते ११ आहेत; कॉलेज कुठल्या आराखड्यावर काम करतंय ते विचारून घ्या.

याचा कंटाळा करण्यापेक्षा उपयोग करून घ्या. सीओ म्हणजे विषय संपल्यावर मुलाला काय करता येईल. ‘बेंडिंग समजेल’ हा सीओ मोजता येत नाही. ‘दिलेल्या भारासाठी शिअर फोर्स आणि बेंडिंग मोमेंटचा आराखडा काढून सर्वाधिक ताणाची जागा ठरवता येईल’ हा मोजता येतो, आणि त्यावरून प्रश्न आपोआप सुचतो. विद्यापीठाने दिलेले सीओ बदलता येत नसतील तर प्रत्येकाखाली तुमचं असं एक वाक्य लिहून ठेवा. पीओंशी जुळणी करताना सगळ्या चौकोनांत ३ (सर्वात घट्ट संबंध) भरू नका. तपासणीला आलेले तज्ज्ञ पहिला प्रश्न तिथेच विचारतात.

शुक्रवारी दुपारी अर्धा तास कोर्स फाइलसाठी राखा. त्या आठवड्यात घेतलेले तास, दिलेला गृहपाठ, चाचणीचा प्रश्न, त्याची एक चांगली, एक मधली आणि एक कच्ची उत्तरपत्रिका फाइलला लावा. अटेनमेंटच्या (सीओ कितपत साधले याच्या) एक्सेल शीटमध्ये गुण चाचणी तपासल्याच्या दिवशीच, प्रश्ननिहाय भरा. एखाद्या सीओचं अटेनमेंट कमी आलं तर ते तसंच ठेवा आणि पुढच्या वेळी काय बदलणार ते लिहा. खोटे वाढवलेले आकडे तुम्हाला स्वतःलाच काही सांगत नाहीत.

प्रश्नपत्रिका, तपासणी, ओरल

प्रश्नपत्रिका काढली की दुसऱ्या दिवशी ती स्वतः घड्याळ लावून सोडवा. मुलांना तुमच्या तिपटीएवढा वेळ लागतो असं धरा. एक तासाची चाचणी तुम्हाला वीस मिनिटांत संपत नसेल, तर ती लांब आहे. पाठ करून सुटणारे थोडे, नेहमीच्या पद्धतीचे बरेच आणि विचार करायला लावणारा एखादा, असं प्रमाण ठेवा. मॉडेल उत्तरं आणि पायरीनिहाय गुण आधी लिहा. एकच प्रश्न सगळ्या पेपरांत सलग तपासा, म्हणजे पहिल्या आणि साठाव्या मुलाला एकच माप लागतं. तपासलेले पेपर आठवड्याच्या आत परत द्या आणि सर्वाधिक चुकलेला प्रश्न फळ्यावर सोडवा.

विद्यापीठाच्या कॅप सेंटरवर (उत्तरपत्रिका तपासणी केंद्रावर) तपासायला जाल तेव्हा ठरवून दिलेली संख्याच घ्या. संध्याकाळी उरलेले पेपर झटपट संपवण्याचा मोह होतो, आणि त्यातल्या एका पेपरावर एखाद्या मुलाचं वर्ष अडकलेलं असतं.

ओरलला बाहेरून परीक्षक येणार असतात. त्याआधी पंधरा दिवस बॅचवार सराव ओरल घ्या. अनेक मुलांना उत्तर येत असतं, पण अनोळखी माणसासमोर बोलायची सवय नसते. तुम्ही दुसरीकडे परीक्षक म्हणून गेलात, तर पहिला प्रश्न मुलाला जमेल असा विचारा. घाबरलेल्या मुलाची समज मोजता येत नाही.

जीएफएम (गार्डियन फॅकल्टी मेंबर) म्हणून

वीस-पंचवीस मुलांची पालकत्वाची जबाबदारी बहुतेक लगेच मिळते. प्रत्येकाशी सत्रात दोनदा, दहा मिनिटं का होईना, एकट्याने बोला आणि दोन ओळी नोंदवा. वर्गाला संदेश सीआरच्या (वर्गप्रतिनिधीच्या) मार्फत किंवा विभागाच्या ग्रुपवर द्या; रात्री उशिरा वैयक्तिक चॅट नको. बोलताना केबिनचं दार उघडं ठेवा. वयात जेमतेम चार-पाच वर्षांचं अंतर असतं, म्हणून सुरुवातीपासून जवळीक आणि अंतर दोन्ही सांभाळा. रॅगिंगची किंवा लैंगिक छळाची तक्रार कानावर आली, तर ती आपापसांत मिटवण्याचा अधिकार तुम्हाला नाही. त्याच दिवशी संबंधित समितीकडे द्या. एखादं मूल फार खचलेलं दिसलं, तर ऐकून घ्या, एकटं सोडू नका आणि कॉलेजच्या समुपदेशकाकडे सोबत घेऊन जा. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा मोफत क्रमांक तुमच्या केबिनबाहेर लावून ठेवा.

संशोधन आणि पीएच.डी.

असोसिएट प्रोफेसर व्हायला पीएच.डी., मान्य नियतकालिकांतले ६ शोधनिबंध आणि ८ वर्षांचा अनुभव लागतो. त्यातली किमान २ वर्षं पीएच.डी.नंतरची हवीत. म्हणून एम.टेक.वर रुजू झालेल्यांनी दोन-तीन वर्षांत नोंदणी करावी, पण पहिल्या सत्रात नाही. या सत्रात एवढंच करा: आठवड्यातले दोन ठरावीक तास वाचनासाठी अडवून ठेवा आणि विभागातल्या उपकरणांवर काय करता येईल याची यादी बनवा.

पैसे घेऊन आठवड्यात छापणाऱ्या नियतकालिकांपासून लांब राहा. यूजीसीने मान्य नियतकालिकांची केअर यादी २०२५ मध्ये बंद केली, त्यामुळे नियतकालिक तपासण्याची जबाबदारी आता तुमची आणि कॉलेजची. संपादक मंडळातली माणसं खरी आहेत का, गेल्या वर्षभरातले चार निबंध वाचून दर्जा कसा वाटतो, एवढं पाहिलं तरी बरंच कळतं. मुलांच्या प्रोजेक्टवर नाव घालायचं असेल तर त्यात तुमचं काम असलं पाहिजे. पीएच.डी. आणि नियमित पद असलेल्यांनी अनुसंधान नॅशनल रिसर्च फाउंडेशनची पंतप्रधान अर्ली करिअर रिसर्च ग्रँट लक्षात ठेवावी. तिचा प्रस्ताव लिहायला एक अख्खी सुट्टी लागते.

सत्र संपताना

शेवटच्या तासाला मुलांकडून निनावी कागदावर दोन प्रश्नांची उत्तरं घ्या: कुठला भाग कळला नाही आणि कुठली गोष्ट चालू ठेवावी. कॉलेजच्या ऑनलाइन फीडबॅकमध्ये मिळणारे आकडे यापेक्षा फार कमी सांगतात. त्याच आठवड्यात टीचिंग प्लॅन उघडून प्रत्येक युनिटपुढे खरे किती तास लागले ते लिहा, फसलेल्या उदाहरणांवर खूण करा आणि नवी उदाहरणं जोडा.

पुढच्या सत्राच्या लोडची वाटणी बहुतेक विभागांत परीक्षेच्या धामधुमीतच होते आणि गप्प बसलेल्या नव्या माणसाच्या वाट्याला उरलेला विषय येतो. म्हणून सत्र संपायच्या दोन-तीन आठवडे आधी एचओडींना भेटा. हाच विषय पुढच्या वर्षी पुन्हा तुमच्याकडेच ठेवावा अशी लेखी विनंती द्या, येत्या सत्रासाठी त्याला लागून असलेला एक विषय सुचवा आणि युटीएमच्या एक्स्टेन्सोमीटरची दुरुस्ती किंवा लॅबमधली अशी एखादी खरी गरज त्याच अर्जात बजेटसाठी नोंदवून टाका. अर्जाची पोच घ्या.